दान देताना घेणाऱ्याचा चेहरा कशाला हवा?

खाडीपलीकडची
रविवार, रात्री १०:४२

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आज जे झालं त्यावरून हा धागा काढते आहे. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय मला नेमका राग कशाचा आला ते कळणार नाही.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. चार विंग, दोनशेच्या वर घरं. दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी सोसायटीतले लोक येऊरच्या एका पाड्यावर फराळ, ब्लँकेटं आणि मुलांचे कपडे वाटायला जातात. यंदा पहिल्यांदाच मीही गेले. नऊ गाड्या, सत्तावीस माणसं. पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी दोन झाडांना बॅनर बांधला. त्यावर सोसायटीचं नाव आणि कमिटीतल्या सात जणांचे फोटो. मग बायका-पोरांना त्या बॅनरपुढे रांगेत उभं केलं.

रांगेत एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. ब्लँकेट हातात पडल्यावर त्या घराकडे निघाल्या, तर आमच्यातल्या एकीने दंडाला धरून त्यांना परत फिरवलं. "आजी, इकडे बघा, हसा जरा." आजींनी पदर तोंडावर ओढला. हिने तो हसत हसत बाजूला केला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, अगदी प्रेमाने केला. मी चार पावलांवर उभी होते आणि काहीच बोलले नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

आणखी एक. तिथल्याच एका घरात आमच्यासाठी चहा ठेवला होता. अंगण ताजं सारवलेलं, पाटावर स्टीलचे पेले मांडलेले, गुळाचा कोरा चहा. "नको नको, आमचं पाणी आहे बरोबर," म्हणत सगळे गाडीकडे वळले. मी आणि टेम्पोचा ड्रायव्हर, दोघांनीच घेतला. बाकीचे पेले गार झाले. ती बाई एकेक पेला उचलून परत पातेल्यात ओतत होती.

संध्याकाळी ग्रुपवर एकशे चाळीस फोटो आले. मी एवढंच लिहिलं, "आजींचा फोटो काढून टाका, त्यांना नको होता." त्यावर उत्तरं आली. "चांगल्या कामात खोट काढायची सवय असते काहींना." "फोटो पाहून इतरांना प्रेरणा मिळते." आणि शेवटी, "तुम्ही किती दिले?"

किती दिले ते लॉबीत लागलंच आहे. देणगीदारांची यादी रकमेप्रमाणे वरून खाली, ११,००० पासून ५०१ पर्यंत. ५०१ च्या खालची नावं छापलेली नाहीत. आमच्या गेटवरच्या वॉचमनदादांनी दोनशे रुपये दिले होते. मी पावती फाडताना पाहिलंय. त्यांचं नाव कुठेच नाही. रोज रात्री ते त्या यादीसमोरच खुर्ची टाकून बसतात.

आता माझं स्वतःचं. मी कळव्याच्या चाळीत वाढले. बाबांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी, १९९६ मध्ये, मी सहावीत होते. एका मंडळाने वह्यावाटप ठेवलं होतं. स्टेजवर माझं नाव पुकारलं, "वडिलांची नोकरी गेलेली आहे" हेही माइकवर सांगितलं. वह्या हातात आल्या. फोटोग्राफर म्हणाला, "वही सरळ धर, कव्हरवरचं नाव दिसू दे." फ्लॅश पडला नाही. म्हणून माझ्या हातातल्या वह्या परत घेतल्या आणि पुन्हा दिल्या. समोर माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या.

तो फोटो गल्लीच्या तोंडाशी फलकावर महिनाभर होता. बाबा त्या महिन्यात दूध आणायलाही मागच्या बाजूने जायचे. आईने त्याच रात्री सगळ्या डझनभर वह्यांना खाकी कव्हरं घातली.

वह्या चांगल्या होत्या. दोनशे पानी, जाड कागदाच्या, शाई न फुटणाऱ्या. मला त्यांची खरोखर गरज होती आणि त्या दिल्या त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच म्हणते, देणाऱ्याने आपलं नाव लावायचं तर खुशाल लावावं. पण घेणाऱ्याचा चेहरा त्यासाठी वापरू नये. मला इथल्या लोकांचं मत हवंय. आणि तुमच्या सोसायटीत, मंडळात कुणी हे बदललं असेल तर कसं बदललं, तेही सांगा.

---

पारसिक_टेकडी
रविवार, रात्री ११:०५

खाकी कव्हरांपाशी थांबले. आमच्या घरीही हेच. फक्त वह्यांऐवजी शिलाई मशीन होतं आणि आईला ते गळ्यात हार घालून स्टेजवर दिलं होतं. आई ते मशीन वीस वर्षं चालवत होती, पण त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही.

---

वाशी_सेक्टर_नऊ
सोमवार, सकाळी ८:२०

ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण मी थोडा वेगळा विचार मांडतो. दिखाव्याने का होईना, ब्लँकेट तर पोचलं ना? थंडीत आजींच्या अंगावर ते असेल. २०१४ मध्ये अंगावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घ्यायचे व्हिडिओ जगभर फिरले. तेव्हाही लोक म्हणाले, सगळी नौटंकी. पण एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे त्यातून ११ कोटी डॉलरच्या वर रक्कम जमली, आणि त्या पैशाची मदत झालेल्या संशोधनातून या आजाराशी संबंधित एक जनुकही सापडलं. लोकांनी गुपचूप दिलं असतं तर एवढं जमलं असतं का? आमच्या सोसायटीत एकाने रक्तदानाचा फोटो टाकला की पुढच्या वेळी चार नवे येतात. हे मी दरवर्षी बघतो. फोटोवर सरसकट राग धरला तर देणारे कमी होतील आणि नुकसान पाड्यावरच्यांचंच होईल.

---

खाडीपलीकडची
सोमवार, सकाळी ९:१५

दादा, तुमची दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत. पण दोन्हींत फोटो कुणाचा होता? बादली ओतून घेणाऱ्याचा, रक्त देणाऱ्याचा. आजारी माणसाला उठवून बसवून त्याच्याकडून "धन्यवाद" म्हणवून घेतलेलं नव्हतं. रक्त देताना तर ते कुणाला जाणार हे देणाऱ्याला कळतही नाही. तरी लोक देतात, फोटोही काढतात, आणि त्यात कुणाची मान खाली जात नाही. माझं भांडण फोटोशी नाही.

---

वाशी_सेक्टर_नऊ
सोमवार, सकाळी ९:३१

हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पटलं.

---

मोजपट्टी
सोमवार, दुपारी १:१०

यादीबद्दल थोडं. अर्थशास्त्रात यावर बराच अभ्यास झाला आहे. विल्यम हार्बो यांनी १९९८ मध्ये एका लॉ स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या तपासल्या. संस्था रकमेप्रमाणे गट पाडून नावं जाहीर करत असेल, तर बरेच देणगीदार नेमकी त्या गटाची किमान रक्कम देतात. म्हणजे तुमच्या लॉबीत ५०१ आणि ११,००० ला गर्दी दिसत असेल आणि मधल्या आकड्यांना फार कुणी नसेल, तर त्याचं कारण हे आहे. ती किंमत फळ्यावरच्या जागेची असते.

दुसरा प्रयोग डॅन एरिअली आणि सहकाऱ्यांचा, २००९ चा. लोकांना कीबोर्डची दोन बटणं आळीपाळीने दाबायला सांगितली. जितकी जास्त दाबाल तितके पैसे चांगल्या कामाला. आपण किती केलं हे नंतर इतरांना सांगावं लागणार असेल तेव्हा लोकांनी जास्त मेहनत घेतली. गंमत पुढे आहे. स्वतःलाही पैसे मिळणार असं सांगितल्यावर एकांतात काम करणाऱ्यांची मेहनत वाढली, पण चारचौघांत काम करणाऱ्यांची जवळजवळ वाढलीच नाही. कारण मग बघणाऱ्याला वाटणार, हा पैशासाठी करतोय.

तेव्हा वाशीकर म्हणतात ते खरं आहे, लोकांनी पाहिलं की दान वाढतं. पण जे बघितलं जातं तेच वाढतं, ही त्याची दुसरी बाजू. ब्लँकेटचा फोटो चांगला येतो. कुणाचा जातीचा दाखला काढून देण्यासाठी तहसील कार्यालयात चार फेऱ्या मारल्या, तर त्याचा फोटो कसला येणार? म्हणून तिथे माणूस मिळत नाही.

---

पाड्यावरची_बाई
सोमवार, संध्याकाळी ७:५०

मी पाड्यावरच्या शाळेत शिकवते. कुठल्या ते सांगत नाही. मोजपट्टी यांनी शेवटी लिहिलंय तेच मला सांगायचं होतं, आता आतलं सांगते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे एकेका रविवारी तीन-तीन गट येतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरात अकरा ब्लँकेटं आहेत. फराळ इतका येतो की मुलं चकली बघून तोंड फिरवतात. आणि जूनमध्ये, जेव्हा छपरावर टाकायला ताडपत्री लागते, टॉर्च लागते, आठवीनंतर खाली शहरातल्या शाळेत जायला बसचे पैसे लागतात, तेव्हा कुणी नसतं. येऊरच्या जंगलात बिबट्या आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी क्लासवरून अंधारात चढ चढून येणाऱ्या पोरीला एक चांगली टॉर्च मिळणं म्हणजे काय, हे ब्लँकेट आणणाऱ्यांनी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पहिल्या घरात उत्तर मिळालं असतं.

मला सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. मुलं आता शिकली आहेत. गाडी दिसली की आपोआप रांगेत उभी राहतात, अंगातला नवा शर्ट काढून जुना घालतात. दुसरीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, हसायचं की नाय हसायचं?" कारण एका गटाने हसायला सांगितलं होतं आणि दुसऱ्याने सांगितलं होतं, गरीब दिसलं पाहिजे. त्याला मी काय उत्तर द्यायचं?

आणि खाडीपलीकडची ताई, तुम्ही तो चहा घेतलात ते फार चांगलं केलंत. गूळ आणि चहा पावडर खालून दुकानातून आणावी लागते. ज्या बाईने सत्तावीस माणसांचा चहा ठेवला तिने त्या दिवशी तुमच्या सोसायटीतल्या कित्येकांपेक्षा जास्त खर्च केला असेल, आपल्या ऐपतीच्या मानाने. आपण फक्त देणारे आणि ते फक्त घेणारे, असं त्यांना वाटत नाही. पाहुणे आले म्हणून चहा ठेवला जातो. तो नाकारला की त्यांना कळतं, हे आपल्याकडे पाहुणे म्हणून आलेले नाहीत.

---

हिशेबनीस
सोमवार, रात्री ९:२८

मी निवृत्त आहे. गेली बारा वर्षं ठाण्यातल्या दोन छोट्या विश्वस्त संस्थांचे हिशेब बघतो. आमची बाजूही ऐका. फोटो काढणारे सगळे मिरवायलाच काढतात असं नाही, आमच्यासारख्यांना ते काढावे लागतात.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्यातला थोडा पैसा आमच्यापर्यंत येतो. पैशाबरोबर मेल येतो: दर वाटपाचे पन्नास फोटो, प्रत्येकावर तारीख आणि ठिकाण उमटलेलं, लाभार्थ्याच्या हातात वस्तू, मागे बॅनर, लोगो स्पष्ट दिसला पाहिजे. एकदा बॅनरला सुरकुती पडली होती म्हणून फोटो परत आले. मी त्या दिवशी अठ्ठावीस बायकांना पुन्हा बोलावलं. शिलाईच्या कामावरून अर्धा दिवस टाकून आल्या बिचाऱ्या. ते काम मी केलं, आणि आज ताईंचा वह्या परत घेतल्याचा प्रसंग वाचल्यावर मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

म्हणून कायदा काय मागतो ते बसून वाचलं. खर्च ठरलेल्या कामावरच झाला असा दाखला मुख्य वित्त अधिकाऱ्याने द्यायचा असतो. काम करणाऱ्या संस्थेची २०२१ पासून नोंदणी लागते. फार मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन लागतं. हातात पिशवी धरलेल्या बाईचा चेहरा कायद्याने मागितलेला नाही. ती मागणी कंपनीच्या अहवालाची आहे, रंगीत पानं भरायला. बिलं, पोच, सहीचा रजिस्टर, सामानाचे फोटो, अचानक भेट देऊन तपासणी, यातून चोख हिशेब देता येतो. मी आता पुढच्या करारात हेच लिहून मागणार आहे. पैसे गेले तर गेले, असं मी एकट्याने म्हणू शकत नाही, विश्वस्तांना विचारावं लागेल. पण विचारणार आहे.

गुप्तदानाबद्दलही एक गैरसमज असतो. देणाऱ्याचं नाव संस्थेलाही कळू नये असं दान धर्मादाय संस्थेला अडचणीचं ठरतं. आयकर कायद्याप्रमाणे निनावी देणग्या मर्यादेबाहेर गेल्या की त्यांवर ३० टक्के कर. देणगीवर करसवलत हवी तर २,००० रुपयांच्या वरची रोख रक्कम चालत नाही. तेव्हा पावतीवर नाव, पॅन द्यावंच. पावतीवर नाव देणं वेगळं आणि ते लॉबीत लावणं वेगळं. पहिल्याशिवाय आमचं चालत नाही, दुसऱ्याशिवाय चालतं.

---

काळा_कोट
मंगळवार, सकाळी ११:४०

लहान मुलांच्या फोटोंबद्दल सावध करतो, कारण बालगृहांत जाऊन वाढदिवस साजरे करण्याची पद्धत ठाणे, नवी मुंबई दोन्हीकडे जोरात आहे. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. वर्तमानपत्रच नव्हे, संपर्काचं कुठलंही माध्यम. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केक भरवतानाचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? पाड्यावरची, आईवडिलांबरोबर राहणारी सगळी मुलं या कलमात येत नाहीत, पण त्यांच्या आईवडिलांना विचारायला कायदा कशाला लागतो?

सरकारलाही हे करता येतं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी चालू असताना राजस्थान सरकारने धान्य, जेवण वाटताना फोटो काढायला मनाई केली होती. उलट त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या पुरात मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवले होते. सगळ्या महाराष्ट्राने ते पाहिलं.

---

जुना_ठाणेकर
मंगळवार, दुपारी ४:०५

वय झालं, बोटं हळू चालतात, तेव्हा थोडक्यात लिहितो.

नाव लावायला विरोध नको, या मताशी मी सहमत. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला विठ्ठल सायन्नांचं नाव आहे. पिढ्यान् पिढ्या ठाणेकर त्या नावाखाली जन्मले, बरे झाले. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला तो लेडी जमशेटजींनी दिलेल्या पैशावर, आणि त्यावरून जाणाऱ्याकडून टोल घेऊ नये असं त्यांनी ठरवून घेतलं. नाव आजही रस्त्याला आहे. पण त्या रस्त्यावरून जाणाऱ्या एकालाही थांबून मान वाकवावी लागत नाही, कारण रस्ता सगळ्यांचा. नाव दगडावर असलं की चालतं, माणसाच्या अंगावर नको.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. परतफेडीच्या आशेने दिलेलं दान राजस, हे पुष्कळांना ठाऊक असतं. तामस दानाच्या लक्षणांत 'असत्कृतम्' आणि 'अवज्ञातम्' असे दोन शब्द आहेत. मान न राखता, तुच्छतेने दिलेलं. पदर बाजूला केला तो प्रसंग वाचताना हा दुसरा शब्द आठवला. वस्तू कितीही चांगली असली तरी ते लक्षण पुसलं जात नाही.

माझी आई श्रावणात तांदळाच्या पुडीत पैसे घालून द्यायची. का घालतेस, विचारलं तर म्हणाली, "तिच्या सुनेसमोर मोजायला नकोत."

---

पारसिक_टेकडी
मंगळवार, दुपारी ४:२०

काका, हे शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती नुसती मान हलवत राहिली.

---

खाडीपलीकडची
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी सोसायटीची सभा होती. मी बोलायला उभी राहिले तेव्हा हात थरथरत होते. सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं, तो वह्यांचा प्रसंग सांगितला. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग ज्यांनी आजींचा पदर बाजूला केला त्याच ताई उठल्या. म्हणाल्या, "माझ्या आईला कुणी असं केलं असतं तर मी हात धरला असता त्याचा." त्यांच्यावर माझा राग होता, तो तिथेच गेला.

भांडण झालंच नाही असं नाही. दोघांनी सरळ सांगितलं, फोटो नसतील तर आम्ही पुढच्या वर्षी देणार नाही. एकाने विचारलं, पैसे खरंच पोचले हे कळणार कसं? त्याला मी हिशेबनीस काकांचं वाचून दाखवलं: बिलं, पोच, सामानाचा फोटो. यावर तो तयार झाला.

ठरलं ते असं. बॅनर नाही. घेणाऱ्या कुणाचाही फोटो नाही, मुलांचा तर नाहीच. कपडे-ब्लँकेट बंद, जूनच्या पहिल्या आठवड्यात ताडपत्री आणि टॉर्च, आणि नेमकं काय हवं ते आधी जाऊन विचारायचं. सहा जणांनी जातीच्या दाखल्यांसाठी कचेरीच्या फेऱ्या वाटून घेतल्या आहेत. मोजपट्टी, हे तुमच्यामुळे सुचलं. यादी राहणार, पण रकमेशिवाय, नावाच्या आद्याक्षराप्रमाणे.

नवी यादी आज सकाळी लागली. वॉचमनदादांचं नाव अ वरून सुरू होतं, त्यामुळे दुसऱ्या ओळीत आलं आहे. दुपारी बघितलं तर ते आपल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर ती यादी दाखवत होते. बोट ठेवून.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, गेल्या रविवारी, मी आणि त्या ताई पाड्यावर गेलो, आजींची माफी मागायला. आजींना बहुतेक तो प्रसंग आठवत नव्हता, किंवा आठवत नाही असं त्यांनी दाखवलं. चहा झाला. निघताना त्यांनी आमच्या दोघींच्या पिशवीत करांदे, म्हणजे रानातले कंद घातले, चांगले दोन-दोन किलो. ताई पर्समध्ये हात घालायला लागल्या तेव्हा मी त्यांचा हात दाबला. करांदे मीठ घालून उकडायचे, असं आजींनी तीनदा सांगितलं.

---

हिशेबनीस
रविवार, रात्री १०:३०

विश्वस्तांच्या बैठकीत विषय मांडला. पाचपैकी तिघे बाजूने आहेत. एका कंपनीला नव्या अटी पाठवल्या, उत्तर यायचंय. तुमच्या ठरावाचा मजकूर मिळेल का? जसाच्या तसा पुढे ठेवतो.

---

खाडीपलीकडची
रविवार, रात्री १०:३४

हो काका, लगेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.